खंडेनवमी आणि सतरा नंबरचा मोल्ड

परवा खंडेनवमी झाली. आमच्या साइटवर त्या दिवशी काम बंद असतं आणि सगळ्या मशिनरीची पूजा होते, बॅचिंग प्लांट, जेसीबी, टॉवर क्रेन, बार कटर, वेल्डिंग मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ आणि मग पेढे. आमची काँक्रीट तपासायची लॅब म्हणजे साइटच्या कोपऱ्यातली एक पोर्टा केबिन आणि पुढे पत्र्याची शेड, तिथे पूजेचं ताट यायला दुपार होते आणि तोवर झेंडू संपलेला असतो. म्हणून यावेळी मी आमच्या लॅबच्या मामांना म्हटलं, आपण आपली फुलं वेगळी आणू आणि मोल्डपासून (काँक्रीटचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरायचे साचे) सीटीएमपर्यंत (ते क्यूब दाबून फोडायचं मशीन) सगळ्याची पूजा करू. मामांनी शेडमधल्या मोल्डच्या ढिगाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, आंघोळ न घालता देवाला फूल वाहायचं व्हय?"

झालं. पुढचे दोन दिवस मी, मामा आणि एक नवीन ट्रेनी पोरगा मिळून फक्त कडक झालेला माल, म्हणजे काँक्रीट, खरवडत होतो. हात अजून दुखतायत, आणि हे कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून लिहून ठेवते, कॉलेजात आम्हाला क्यूब कसा भरायचा ते शिकवलं, कसा फोडायचा ते शिकवलं, पण भरून झाल्यावर मोल्ड कोण आणि कसा धुणार यावर चार वर्षांत एक वाक्य नाही. तिथे लॅब असिस्टंट असायचे, ते काय करायचे ते आम्ही कधी बघितलंच नाही.

आता एवढा माल चढला कसा, तर पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर पाऊस थांबला की घाईघाईत स्लॅब भरायचा, रात्री अकराला शेवटचा टीएम (माल आणणारा फिरत्या ड्रमचा ट्रक) यायचा, त्यातून क्यूब भरायचे, आणि मग सगळे इतके दमलेले की मोल्डच्या बाहेरून ओघळलेला माल तसाच राहायचा. सकाळी तो कडक. मग डीमोल्ड करताना हातोडा मारून क्यूब काढायचा, आतून फडकं फिरवायचं, ऑईल लावायचं आणि पुन्हा भरायचा. असं दहा वेळा झालं की मोल्डच्या बाहेर करवंटीसारखं कवच तयार होतं, नट त्यात बुडतात, पाना बसत नाही, पाना बसत नाही म्हणून मोल्ड पूर्ण उघडत नाही, उघडत नाही म्हणून आतल्या कोपऱ्यात घट्ट बसलेला माल निघत नाही. एकातून एक.

बाहेर कितीही कवच असू दे, त्याने दिसायला घाण दिसतं एवढंच. खरा घोळ आतल्या तोंडावर आणि सांध्यात आहे. १५० मिलिमीटरचा क्यूब मोल्ड, आपल्या आयएस ५१६ या भारतीय मानकाप्रमाणे आतलं माप १५० ला फक्त ०.२ मिलिमीटर कमीजास्त चालतं, आतल्या तोंडाचा सपाटपणा ०.०३ मिलिमीटरच्या आत पाहिजे, आणि कोपरे ९० अंशाला अर्धा अंश इकडेतिकडे. ०.०३ म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि आपण तिथे मालाची अख्खी खपली ठेवून क्यूब भरतो! आता गंमत अशी की क्यूब फोडताना तो जसा भरला तसा उभा ठेवून फोडत नाहीत, आडवा करतात, म्हणजे थापीने घासलेलं वरचं तोंड बाजूला जातं आणि मोल्डच्या बाजूच्या प्लेटला लागलेली तोंडं मशीनच्या वरखाली येतात. कारण तीच तोंडं सपाट असतात असं गृहीत धरलंय. म्हणजे अख्ख्या टेस्टचा भरवसा त्या बाजूच्या प्लेटवर, आणि खपली नेमकी तिथेच.

हे मला कळलं ते सतरा नंबरमुळे. आमच्या मोल्डवर ऑईल पेंटने नंबर टाकलेत, त्यातला हा सतरा.

गेल्या वर्षीची गोष्ट. एम ४० चा माल (२८ दिवसांनी ४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद हवी असा), २८ दिवसांचे तीन क्यूब. पहिला १०२० किलोन्यूटनला फुटला, दुसरा ९९० ला, आणि तिसरा ७६५ ला. न्यूटन करून तोंडाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे १५० गुणिले १५०, २२,५०० ने भागलं की ४५.३, ४४ आणि ३४. सरासरी ४१ च्या वर येते, वरवर बघितलं तर पास, पण तिन्हींतला कुठलाही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा लांब गेला तर ते सँपलच बाद धरायचं असतं, आणि ३४ ती रेघ थोडक्यात ओलांडत होता. आता स्लॅब तर भरून झालेला, वर दोन मजले चढलेले. मग सुरू झालं. आम्ही माल पाठवणाऱ्या आरएमसीवाल्यांना (तयार काँक्रीटच्या प्लांटवाल्यांना) ईमेलवर ईमेल, ते म्हणतायत आमच्या प्लांटवरचे क्यूब ४७ ला गेले, तुमच्याच पोरांनी साइटवर मालात पाणी मारलं असणार, आमचे साहेब म्हणतायत सिमेंट कमी घातलं, कन्सल्टंटने थेट कोअर काढायची भाषा केली. कोअर म्हणजे झालेल्या स्लॅबला ड्रिल मारून नळकांडं काढायचं, ते कोणालाच नको असतं. तीन दिवस हेच.

तेव्हा मामा फोडलेल्या क्यूबचे तुकडे टाकायला घेऊन चालले होते, आणि त्यांनी त्यातला एक माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवला. बोलले काहीच नाहीत. नीट फुटलेला क्यूब चारी बाजूंनी सारखा सोलवटतो आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो, हा तसा नव्हता, एका कडेकडून तिरका फाकला होता. आणि त्याच्या एका तोंडावर जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा गुळगुळीत खड्डा, आणि कडेला एक बारीक उठलेली रेघ. मी सतरा नंबर उघडायला लावला. उघडायला पाना लागेना, छिन्नी मारून नट मोकळे करावे लागले. आत बाजूच्या प्लेटवर बरोब्बर तेवढीच खपली, वरून ऑईल खाऊन काळी झालेली म्हणून स्टीलसारखीच दिसायची, आणि सांध्यामध्ये जुन्या स्लरीचा थर, त्यामुळे प्लेट पूर्ण बसतच नव्हती आणि समोरची तोंडं समांतर नव्हती. गुण्या लावला तर एका टोकाला उजेड दिसत होता. म्हणजे मशीनचा सगळा भार आधी एका कडेवर आला आणि ती कड गेली.

नशिबाने त्या दिवशी मामांनी जास्तीचे तीन क्यूब भरून ठेवले होते, ते फोडले, तिन्ही ४४ च्या वर. प्रकरण मिटलं. पण आरएमसीवाल्यांना सॉरी म्हणायला आमच्याकडून कोणी गेलं नाही हे पण सांगते, ईमेलवर फक्त "matter closed" असं काहीतरी इंग्रजीत गेलं.

तर आता खरवडणं. आधी मी काय चूक केली ते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की हा सगळा हमालीचा प्रकार आहे, केमिकलने पाच मिनिटात होईल. टाइल्स धुवायचं ॲसिड मिळतं ना बाटलीतलं, ते हायड्रोक्लोरिक असतं आणि सिमेंट त्यात विरघळतं, हे बारावीच्या केमिस्ट्रीवर कळतं. मी प्लास्टिकच्या टबमध्ये सहा मोल्डच्या प्लेटा टाकल्या, ॲसिड ओतलं, फेस आला, मस्त फसफसलं, मी खूश होऊन केबिनला कुलूप लावून घरी. सकाळी दार उघडलं तर डोळ्यांतून पाणी. सिमेंट गेलं होतं हे खरं, पण खाली खडीचे तुकडे तसेच, आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, तिला ॲसिड काही करत नाही. आणि सिमेंट संपल्यावर ॲसिडने स्टील खायला घेतलं होतं. घासून गुळगुळीत केलेल्या तोंडांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. एवढंच असतं तर चाललं असतं, पण बंद केबिनमध्ये रात्रभर ती वाफ फिरली आणि शेल्फवरचा व्हर्नियर, गुण्या, पान्यांचा सेट, चाळण्यांच्या कडा, सगळ्यावर नारिंगी गंज. व्हर्नियर माझ्या पगारातून कापला नाही हे साहेबांचे उपकार.

ॲसिड वापरायचंच असेल तर वापरणारे वापरतात, पातळ करून, उघड्यावर, पाण्यात ॲसिड ओतून आणि उलटं कधीच नाही, थोडा वेळ आणि मग भरपूर पाणी. पण ते घमेल्याला आणि फावड्याला. मोजमापाच्या वस्तूला नाही. माझं तरी हे मत पक्कं आहे.

मामांचा उपाय गूळ. यावर मी आधी हसले होते. पण टीएमच्या ड्रायव्हरला विचारा, ट्रॅफिकमध्ये अडकला आणि ड्रममध्ये माल घट्ट व्हायला लागला तर तो काय टाकतो, साखर. पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्याला पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे, एवढ्यात सेटिंग काही तास पुढे जातं. साखर सिमेंटच्या कणाला चिकटून बसते आणि पाण्याशी होणारी पुढची क्रिया अडवून धरते. आपण जे महागडे रिटार्डर (सेटिंग लांबवणारी केमिकल) विकत घेतो त्यातलं सोडियम ग्लुकोनेट हेही त्याच घराण्यातलं. म्हणून रात्री उशीर झाला आणि धुवायची ताकद नसेल तर मामा गुळाच्या पाण्याची बादली ठेवतात आणि स्लम्प कोन (ओला माल किती खाली बसतो, म्हणजे स्लम्प, ते मोजायचा पत्र्याचा शंकू), माल ठासायचा रॉड, थापी, सगळं त्यात बुडवून जातात. सकाळी माल रवाळ चिखलासारखा निघतो. मात्र हे ओल्या मालाचं औषध आहे. एकदा कडक झालं की गूळ जवळजवळ काही करत नाही, ट्रेनी पोराने हौसेने दोन दिवस प्लेटा गुळाच्या पाण्यात ठेवल्या, वरचा पापुद्रा जरा भुसभुशीत झाला इतकंच, आणि लॅबमध्ये ही मुंग्यांची रांग. क्यूब पाण्यात ठेवतात त्या क्युरिंग टँकच्या काठावरसुद्धा.

मग राहिला हात. यात पण अक्कल आहे, हे मला मामांकडे बघून कळलं. पोरगा पहिल्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन प्लेटच्या आतल्या तोंडावरच तुटून पडला, मामांनी त्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली. त्यांची पद्धत अशी की आधी सगळ्या नटांवर डिझेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी मोल्ड पूर्ण उघडायचा, प्लेट लाकडाच्या ओंडक्यावर पालथी ठेवायची आणि पाठीमागून रबरी हातोड्याने ठोके द्यायचे. एका जागी जोरात नाही, सगळीकडे हलके हलके, तबला लावताना देतात ना तसे. जिथे ऑईल लागलेलं होतं तिथली खपली तेवढ्यानेच पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटते, कारण तिने स्टीलला धरलेलंच नसतं. आवाज पण बदलतो, भरीव ठक-ठक चालू असतं ते मध्येच खण्ण होतं, म्हणजे सुटली. जी उरते तिला लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा जवळजवळ आडवा धरून सरकवायचा, उभा धरला की ओरखडा. मग पितळी तारेचा ब्रश. ग्राइंडरला तारेचा कप लावून आतलं तोंड घासायचं नाही, चकचकीत दिसतं पण मध्ये खोलगट होतं, आणि ते डोळ्याला कळत नाही, पट्टी ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारला की कळतं. सांध्यातल्या खाचेला तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, त्याला एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. बाहेरच्या कवचाला मात्र छिन्नी, तिथे काय पाहिजे ते करा. फक्त गॉगल आणि मास्क लावून, ती धूळ छातीत गेलेली चांगली नाही, आणि मामांना मास्क लावायला लावणं हे मोल्ड साफ करण्यापेक्षा अवघड काम आहे.

एका मोल्डला आम्हाला पाऊण तास लागत होता. मोल्ड होते अठ्ठावीस.

आणि हो, प्लेटा एकमेकांत मिसळायच्या नाहीत. ज्या मोल्डची प्लेट त्याच मोल्डला. पोराने पहिल्या सहा मोल्डच्या प्लेटा धुऊन एकत्र रचल्या होत्या, मग कुठली कोणाची हे जुळवत बसण्यात दुपार गेली.

स्लम्प कोनचं वेगळं. तो पातळ पत्र्याचा, ३०० मिलिमीटर उंच, खाली २०० वर १००, आतून थर चढला की माल पत्र्याला चिकटून वर ओढला जातो आणि स्लम्प आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि मग टीएम परत पाठवायची भांडणं. त्याला हातोडा जरा जास्त लागला की पोचा येतो आणि पोचा आलेला कोन खरं तर भंगारातच जातो. मामा तो दोन्ही तळहातांत धरून बाहेरून दाबतात आणि सोडतात, दाबतात आणि सोडतात, पत्रा लवतो पण कडक माल लवत नाही म्हणून तडकतो. रॉड १६ मिलिमीटरचा, त्याच्या गोल टोकावर लाडवासारखा गोळा झाला होता, तो एका ठोक्यात गेला.

व्ही-फनेलच्या (पातळ माल किती पटकन वाहतो ते बघायचं नरसाळं) खालच्या झडपेचं रबर मात्र गेलंच. त्यात माल बसून ते फाटलं होतं, नवीन मागवलंय. प्लास्टिकच्या मोल्डबद्दल लोक विचारतात, आमच्याकडे सहा आहेत, त्यांना खालून भोकातून हवा मारून क्यूब काढायचा असतो, आणि तारेचा ब्रश लागला की चरे पडतात आणि पुढच्या वेळी माल त्याच चऱ्यांना धरतो. त्यातले चार मी यावेळी बाद केले.

सीटीएमच्या प्लेटांना आम्ही काहीच खरवडलं नाही, मऊ ब्रश आणि फडकं. पण वरची प्लेट ज्या गोलाकार बैठकीवर डुलते तिथे फोडलेल्या क्यूबची रेती जाऊन बसली होती, हाताने हलवून बघितलं तर अडखळत होती. आता प्रत्येक क्यूबनंतर ब्रश मारायचा असं मशीनवर मार्करने लिहून ठेवलंय. मराठीत. आधी इंग्रजीत होतं, कोणी वाचत नव्हतं.

हातांचं काय सांगू, सिमेंटचं पाणी अल्कली, पहिल्या दिवशी ग्लोव्हजमध्ये पाणी गेलं तसंच काम केलं, संध्याकाळी बोटांच्या पेरांना चिरा. आतून ओलं झालेलं ग्लोव्ह लगेच काढावं, कारण ते पाणी कातडीला धरून ठेवतं. आईने रात्री खोबरेल लावलं आणि विचारलं, तुला इंजिनिअर केलं ते भांडी घासायला का. आणि ते धुतलेलं पाणी ओढ्याला सोडायचं नाही, आम्ही टीएम धुवायच्या खड्ड्यात सोडतो, तिथे गाळ बसतो.

खंडेनवमीच्या सकाळी शेडमध्ये साफ केलेले मोल्ड रांगेत, ऑईलचं बोट फिरवून. फार ऑईल नाही, जास्त झालं की क्यूबच्या तोंडावर बुडबुड्यांची भोकं येतात. मामा आंघोळ करून पांढरी टोपी घालून आले होते. साहेब आले, म्हणाले नवीन मागवले का, कधी मंजूर केले मी? मामा नुसते हसले. सतरा नंबर आम्ही लाल रंग मारून बाद केलाय, तो वर्षभर केबिनचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी असतो, मामांनी त्यालाही एक झेंडू ठेवला.

पूजा झाली, पेढे झाले, दसऱ्याची सुट्टी. काल संध्याकाळी प्लांटवरून फोन, उद्या सकाळी सहाला राफ्ट (पायाचा जाड स्लॅब), १२० क्यूबिक मीटर, म्हणजे किमान सहा सँपल, अठरा क्यूब. मी मामांना फोन केला की मोल्ड काढून ठेवा. ते म्हणाले काढलेत, पण मॅडम, पोराने भक्तीच्या भरात मोल्डच्या आतनंच कुंकू लावलंय, ते पुसत बसलोय, न्हायतर उद्या क्यूब लाल निघतील आणि साहेब पुन्हा आरएमसीवाल्यांना मेल करतील.